कमलाकर मास्तरांचे तीन आजार

पोलादपूरच्या बाजारपेठेत कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाला पथ्य लागलंय आणि कुठल्या सुनेनं चूल वेगळी केलीय, हे शेजाऱ्यांच्या आधी विनोदिनीबाईंना कळायचं. यात जादूटोणा काही नव्हता. बाईंची पिठाची गिरणी होती. एरवी पाच किलोचा डबा पाठवणाऱ्या घरातून एकदम दहा किलो गहू आला की पाहुणे. तांदळाच्या जागी ज्वारी आली की कुणाच्या तरी रक्तात साखर निघाली. आणि एकाच घरातले दोन डबे दोन जावांच्या हातांत आले, त्यातही दोघी एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहिल्या, की विचारायलाच नको.

बाई हे सगळं ओळखायच्या आणि ओळखल्याचं मोठ्यानं सांगायच्याही. गिरणीच्या घरघराटात आयुष्य गेल्यामुळे त्यांना हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. "काय हो, जावई राहिलेत वाटतं अजून? तिसऱ्यांदा गहू!" हे त्या आपुलकीनं विचारायच्या, पण ते एसटी स्टँडपर्यंत ऐकू जायचं.

त्यांचे यजमान कमलाकर मास्तर याच्या अगदी उलट. हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. बोलायचे ते समोर बसलेल्यालाही पुढे वाकून ऐकावं लागे. गिरणी खरं तर त्यांच्या वडिलांची. पण तो आवाज त्यांना सोसेना, म्हणून लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी सुनेनं पदर खोचला आणि पट्टा चढवला. मास्तर फावल्या वेळात दुकानांच्या पाट्या रंगवायचे. सलूनपासून सायकल दुकानापर्यंत निम्म्या बाजाराचं अक्षर त्यांचं. गाव म्हणायचं, या घरातलं बोलणं बाईंचं आणि लिहिणं मास्तरांचं. जोडा छान होता. मास्तर बाईंच्या बडबडीवर गालातल्या गालात हसायचे, आणि ते हसले की बाई आणखी दोन घरांच्या भानगडी सांगायच्या.

अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलात, वार्षिक परीक्षेचे पेपर तपासून झाल्यावर चौथ्या दिवशी, कमलाकर मास्तरांनी आत्महत्या केली.

कशी, ते इथे नको. गावानं ते पुरेसं चघळलंय. का, ते कुणालाच धड सांगता येणार नाही. दोन वर्षं त्यांची झोप उडाली होती. महाडच्या एका डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, त्या मधेच त्यांनी बंद केल्या होत्या. बाकी मनात काय काय साचलं होतं ते त्यांच्याबरोबर गेलं. गावानं मात्र तेरावं व्हायच्या आत अकरा कारणं शोधून काढली, आणि गंमत म्हणजे अकराही सांगणाऱ्याला 'आतल्या गोटातून' कळलेली होती.

आता नातेवाइकांना कळवायचं काम आलं मास्तरांच्या धाकट्या भावावर. देवव्रत तालुक्याच्या कचेरीत कारकून. मनानं लोण्यासारखा, आणि त्या लोण्यानंच घोळ घातला. स्टँडसमोरच्या एसटीडी बूथमध्ये काचेचं दार लावून तो बसला, पण जे झालं ते तोंडातून निघेना. मुंबईच्या रावजीकाकांना त्यानं सांगितलं, "हार्ट." मुंबईत सगळ्यांना हार्टच येतं, काकांना नवल वाटणार नाही, हा त्याचा हिशेब. मग महाडच्या ताईला लावला. ताईचं स्वतःचंच हृदय नाजूक. तिला हार्ट कसं सांगायचं? म्हणून म्हणाला, "कावीळ. उतरलीच नाही." शेवटी पुण्याचे महिपतमामा. मामांची हयात दवाखान्यात कंपाउंडरकी करण्यात गेलेली. कावीळ म्हटलं असतं तर त्यांनी रिपोर्टातले आकडे विचारले असते. देवव्रतनं कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाला, "फुरसं चावलं, मामा." फुरशासारख्या विषारी सापापुढे कंपाउंडर काय विचारणार?

ज्याला जे झेपेल ते मरण त्याला द्यायचं, असं ते साधं धोरण होतं. मास्तरांची दहा वर्षांची लेक वल्लरी, तिला सांगितलं, "बाबा देवाघरी गेले."

तेरा दिवस गिरणी बंद राहिली. लोकांनी डबे खालच्या आळीतल्या गिरणीत नेले. तिथलं पीठ रव्यासारखं जाड आणि हाताला चटका बसेल इतकं गरम. त्यामुळे त्या पंधरवड्यात गावाच्या तोंडावर जे दुःख होतं त्यात मास्तरांचं किती आणि भाकरी तुटण्याचं किती, हे सांगणं कठीण.

तेराव्यानंतरच्या सोमवारी समाचाराला माणसं आली. दुखवट्याच्या घरी कुणी हसून "या" म्हणत नाही, आणि उठताना "येतो" म्हणायचं नाही. माणूस आपला गुडघ्यावर हात टेकतो आणि मुकाट चालू लागतो. रिकाम्या हातानंही यायचं नाही. त्यामुळे विनोदिनीबाईंच्या फडताळात ग्लुकोजच्या बिस्किटांची एवढी चळत लागली होती, की शाळेच्या सहलीला पुरली असती.

दुर्दैव असं, की एकाच सोमवारी, एकाच वेळी, रावजीकाका, ताई आणि महिपतमामा एका सतरंजीवर येऊन बसले. देवव्रत पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आला, तिघांना पाहिलं आणि तांब्यासकट आत वळला. पण काकांनी हाक मारलीच.

"बस रे देवा. काय करणार! हार्ट काय सांगून येतं?"

ताईनं डोळ्यांवरचा पदर काढला. "हार्ट? कुणाला हार्ट? दादाला कावीळ होती ना?"

मामा आधीच कान टवकारून होते. "कावीळ? ताई, काहीतरी गफलत होतेय तुझी. फुरसं चावलं त्याला. हो ना रे देवव्रत? कुठल्या पायाला?"

सगळ्यांनी देवव्रतकडे पाहिलं. तो उभाच होता. तांब्या त्यानं खाली ठेवला. आणि सरकारी कारकुनाला शोभेल अशी सगळ्या अर्जांची एकच फाईल केली. "म्हणजे कसं झालं... आधी फुरसं चावलं. डाव्या पायाला. त्याचं विष काविळीवर गेलं. आणि शेवटी... हार्टनं घेतलं."

मामा तोंडातल्या तोंडात "डाव्या पायाला, मग लिव्हर..." असं जुळवू लागले.

आणि विनोदिनीबाई हसल्या.

आधी नाकातून, मग तोंडावर पदर दाबून, आणि मग पदराला न जुमानता, गिरणीतल्यासारख्या खदखदून. पांढऱ्या कपाळाची बाई, तेरावं होऊन चारच दिवस, आणि समाचाराच्या माणसांसमोर हसते! ताईनं "अगो बाई, हिला सांभाळा" म्हणून पाठीवर हात ठेवला. काकांनी पंखा लावायला सांगितला. बाईंना थांबताच येईना. मास्तर असते तर गालातल्या गालात हसले असते, हे त्यांच्या मनात आलं, आणि तिथेच ते हसू उलटलं. तेरा दिवसांत न आलेलं रडू त्या दिवशी आलं, तेही गिरणीच्याच आवाजात.

माणसं एकेक करून गुडघ्यावर हात टेकून उठली. कुणी "येतो" म्हणालं नाही. आतल्या दाराच्या फटीतून वल्लरीनं सगळं ऐकलं होतं, याच्याकडे मात्र कुणाचंच लक्ष गेलं नाही.

ते बाईंना कळलं हळूहळू. मंगळवारी कोपऱ्यातली काठी दिसेना. शोधली तर वल्लरी ती घेऊन परसात पालापाचोळा झोडपत होती. "आंबा पडलाय का बघतेय," म्हणाली. आंब्याचं झाड तिकडे नव्हतंच. बुधवारी सुटीला आलेल्या मुंबईकर पोरांनी बर्फाचा गोळा घेतला, पोरीनं हात मागे घेतला. "त्यात पाणी कुठलं असतं कुणाला ठाऊक." उन्हाळ्याचे दिवस, गोळ्यासाठी जीव टाकणारी पोर ती! आणि गुरुवारी दुपारी बाई जरा लवंडल्या होत्या, तर छातीवर काहीतरी टेकलं. डोळे उघडून पाहतात तो वल्लरीचा कान.

"काय गं करतेस?"

"मोजतेय."

"काय मोजतेस?"

"तुझं हार्ट. थांबायच्या आधी सांगत नाही म्हणे ते."

देवव्रतकाकाच्या चांगुलपणानं एकाच्या जागी तीन मरणं घरात आणून ठेवली होती, आणि ही एवढीशी पोर तिन्हींवर पहारा करत होती.

शाळा उघडायला महिना होता. शाळा उघडली की काय होणार हे बाईंना नीट ठाऊक होतं. पेठेतल्या पोरांना सगळं माहीत होतं, त्यांच्या आयांनी ते एकमेकींना त्यांच्यादेखतच सांगितलेलं. कुणीतरी पहिल्याच मधल्या सुट्टीत तिला गाठणार. म्हणजे सांगायचं तर आईनं आधी सांगायचं, नाहीतर बाजार सांगणार. एवढंच उरलं होतं. पण सगळ्या गावाला तोंडावर बोलणाऱ्या बाईंची जीभ इथे टाळूला चिकटली. रोज ठरवायच्या. रोज पोरीला जेवायला वाढायच्या आणि म्हणायच्या, "कैरीचं लोणचं घे."

गिरणी पुन्हा सुरू झाली होती. मदतीला शेजारच्या कापडे गावची सुंदराबाई असायची. साठीची, काटक, बोलण्याला धार. पहिले काही दिवस गिऱ्हाईक यायचं ते डबा ठेवून खाली मान घालून पळायचं. बाईंची कुणी चेष्टा करेना, बाईंनाही कुणाची सुचेना. नाचणीवर गहू घातला म्हणून कुणी भांडेना. पीठ काळपट आलं तरी लोक "असू दे, असू दे" म्हणायचे. सुंदराबाईला तो सभ्यपणा सोसेना.

"वयनी, या गावाचा काय बिघडलाय? मेल्या माणसांवानी डबे ठेवून जातात. भांडा म्हणावं."

एक दिवस गर्दी ओसरल्यावर बाईंनी तिला मनातलं सांगितलं. वल्लरीला कसं सांगू, हे. सुंदराबाईनं चाळणी खाली ठेवली.

"माझा भाव व्हता, सहदेव. त्यानंबी ह्याच केलान. त्याचा पोर धा वरसांचा, तुमच्या वल्लरीएवढा. आमी त्याला सांगितला, बाबा मुंबयला गेला कामाला. पोर शाना झाला नि थेट मुंबयला. चार वरसा बापाला धुंडीत व्हता, वयनी. गोदीच्या दारावर उभा ऱ्हायचा, सुट्टी झाली का येकयेक तोंड बघायचा."

"मग?"

"मग काय! गाववाल्यानं सांगितलान कुणीतरी. पोरगा घरी आला. बापावर नाय रागावला गो. माझ्यावर रागावला. म्हनला, आते, रोज भाकर वाढताना खोटा बोललीस. आज वीस वरसा झाली, माझ्याशी बोलत नाय." तिनं चाळणी उचलली. "माझा ऐका. पोर रागावली तर मेल्या मानसावर रागावू दे. तुमच्यावर नको. तुमाला तिच्यासंगं ऱ्हायचाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी वल्लरीला गिरणीत बोलावलं.

घरात सांगता आलं नसतं. पेठेतली घरं एकमेकांना खेटून, एका घरात फोडणी दिली की तिसऱ्या घरात शिंक. पोलादपुरात गुपित बोलायला एकच जागा होती, चालू गिरणी. तिथे कानाशी तोंड नेऊन बोललं की ते तिसऱ्याला कळण्याची सोय नव्हती. गिरणी रिकामी चालवली तर दगड खराब होतो, म्हणून बाईंनी घरचे तांदूळ वर ओतले आणि बटण दाबलं. बाहेर ओट्यावर आठ माणसं डबे घेऊन आपल्या पाळीची वाट पाहत बसलेली. त्यांना म्हणाल्या, "आधी घरचं दळते."

पोरीला जवळ ओढलं. तोंड कानाशी नेलं. आणि म्हणाल्या, की फुरसं चावलं नव्हतं. कावीळ नव्हती. हार्टही नव्हतं.

तांदूळ संपत आले तरी बोलणं पुढे सरकेना. बाईंनी हाताला लागली ती नाचणी वर ओतली. बाबांना एक आजार होता, म्हणाल्या, मनाचा. तो दिसत नाही, पण दुखतो. फार दुखतो. त्या दुखण्यात माणसाला पुढचं काही दिसेनासं होतं. नाचणी संपली, मग गहू गेला. बाबांनी औषध सोडलं, कुणाला सांगितलं नाही, आपल्यालाही ओळखता आलं नाही. आणि त्या दिवशी त्यांनी...

पुढचं एक वाक्य त्या बोलल्या. गिरणीनं ते झाकलं. वल्लरीनं मान मागे घेऊन आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि आवाजावर आवाज चढवून, आईसारखीच, बेंबीच्या देठापासून ओरडली,

"म्हणजे बाबांनी स्वतःच जीव दिला?"

नेमकी तेव्हाच लाईट गेली.

वीज मंडळाचं वेळापत्रक आजवर कुणाला कळलं नाही, पण त्या दिवशी त्यांनी असा काही मुहूर्त साधला की पट्टा सुस्कारा सोडून थांबला, आणि 'स्वतःच जीव दिला' हे शब्द तेवढे मोकळ्या हवेत, ओट्यावरच्या आठही माणसांच्या पुढ्यात जाऊन पडले. कुणाच्या तरी हातून डब्याचं झाकण निसटलं. ते फरशीवर गरगरत राहिलं.

बाईंना आवाज खाली आणता आला असता. दार लोटून घेता आलं असतं. महिनाभर हेच तर चाललं होतं. पण पोर उत्तरासाठी तोंडाकडे पाहत होती.

"हो," बाई म्हणाल्या, नेहमीच्या आवाजात, म्हणजे स्टँडपर्यंत ऐकू जाईल अशा. "स्वतःच."

"माझ्यामुळे?"

"नाही. तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे नाही, कुणामुळेच नाही. आजारामुळे."

"तू पण जाशील?"

"मी कशी जाईन? एवढे डबे दळायचे पडलेत." मग त्यांना वाटलं, एवढ्यानं भागणार नाही. त्या खाली बसल्या, पोरीच्या उंचीला. "आणि मला कधी तसं दुखलंच, तर मी गप्प नाही बसणार. डॉक्टरला सांगेन, काकाला सांगेन. ओरडून सांगेन. तुला दुखलं तर तूही मला सांगायचं. बाबांसारखं हळू नाही बोलायचं."

वल्लरीनं नाक पुसलं. "मला राग आलाय त्यांचा."

"मलाही आलाय. खूप."

"आठवण पण येते."

"तीही येते."

पिठानं पांढऱ्या झालेल्या त्या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. बाहेर सुंदराबाईनं ओट्यावर येऊन कमरेवर हात ठेवले. "आयकलांव ना सगल्यांनी? आता डबे ठेवा नि घरी जावा. लाईट आली का दळून ठेवते."

माणसं उठली. पण सलूनवाल्या न्हाव्याची म्हातारी जाता जाता दारात थांबली, आत डोकावली आणि म्हणाली, "आमच्या पाटीवरचं अक्षर किती गोड हो मास्तरांचं! रोज बघते मी." महिनाभरात त्या घराबाहेरच्या माणसानं पहिल्यांदा मास्तरांचं नाव काढलं होतं. त्यात आजार नव्हता, पाय नव्हता, कारण नव्हतं. बाईंना ते इतकं बरं वाटलं, की त्यांनी म्हातारीचा डबा लाईट आल्यावर पहिला दळला.

तांदूळ, नाचणी आणि गहू यांचं जे एकत्र पीठ त्या दिवशी पडलं, त्याची भाकरी धड थापता येईना की पोळी लाटता येईना. पंधरा दिवस दोघींनी तेच खाल्लं. वर बिस्किटं होतीच.

देवव्रतला वहिनींनी कामाला लावलं. ज्याला ज्याला जे सांगितलं होतं, ते त्याला त्याला दुरुस्त करून सांगायचं. त्यानं डोळ्यांत पाणी आणलं. "वहिनी, मी कुणाचं वाईट चिंतलं होतं का?" बाई म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या मनात वाईट नाहीच. पण माझ्या नवऱ्याला एकच मरण पुरे आहे." ताई फोनवर पुष्कळ रडली, हृदयाला काही झालं नाही. रावजीकाका म्हणाले, "मला वाटलंच होतं रे." मामांनी मात्र बजावलं, की तरीही फुरशाची खात्री करून घ्यायला हवी होती.

पेठेच्या गप्पांना याचा फार तोटा झाला. इतके दिवस ती गोष्ट जपून, दार लावून, 'कुणाला सांगू नका' म्हणून वाटली जात होती. आता ती खुद्द बाईंनीच स्टँडपर्यंत ऐकू जाईल अशी सांगून टाकल्यावर कानात सांगायला उरलं काय? आठ दिवसांत लोक दुसऱ्या विषयाकडे वळले. दहाव्या दिवशी कुणीतरी नाचणीवर गहू घातला म्हणून कडाकडा भांडलं. सुंदराबाई त्या दिवशी खुशीत होती.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्या दिवशी बाईंचं दळणात लक्ष नव्हतं. दोनदा जाड पीठ पाडलं. सकाळी पोरीची वेणी घालताना काहीतरी सांगायचं मनात होतं, पण सांगण्यासारखं नवीन काही नव्हतंच.

संध्याकाळी वल्लरीच्या वर्गातल्या निषादची आई आली. अस्मिताबाई, बँकेतल्या साहेबांची बायको. हातात डबा होता, पण चेहरा दळणाचा नव्हता.

"विनोदिनीताई, रागावू नका हं. पण तुमची मुलगी शाळेत काय काय बोलते! आमच्या निषादनं आपलं सहज तिला विचारलं..."

"सहज?" बाईंनी भुवई उडवली.

अस्मिताबाई जरा लाजल्या. "म्हणजे, मुलांना काय कळतं! तो म्हणाला, तुझ्या बाबांचं काय झालं ते मला माहीत आहे. तर ही म्हणते, मलाही माहीत आहे, आईनं सांगितलंय. आणि सगळ्या वर्गासमोर जसंच्या तसं सांगून टाकलं! निषाद घाबरला बिचारा. म्हणाला, मग तुला रडू नाही येत?"

बाईंचा हात डब्यावरच थांबला. "मग? काय म्हणाली?"

"म्हणाली, येतं, पण ते संध्याकाळी. आत्ता मधली सुट्टी आहे." अस्मिताबाईंनी आवाज खाली आणला. "लहान मुलीनं असं उघड बोलावं का हो?"

"आणि मग काय केलं तिनं?"

"काय करणार! गेली लंगडी खेळायला. आमच्या निषादलाच तीनदा बाद केलं म्हणे."

विनोदिनीबाईंनी डोळे पुसले, त्यामुळे गालावर पिठाचे दोन पट्टे उठले. मग त्यांनी डब्यात हात घातला, दाणे बोटांत फिरवून पाहिले आणि सगळ्या पेठेला ऐकू जाईल असं विचारलं, "बासमती? साहेबांना बढती मिळाली वाटतं!"